खिशातला फ्यूज

अभिमन पाटील घराला कुलूप लावून निघाला, की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो आणि कुलूप ओढून पाहतो. गॅसचं बटण बंद केलेलं असतं, तरी पुन्हा जाऊन हात लावतो. आमच्या युनिटमधली नवी माणसं त्याची नक्कल करून दाखवतात आणि खो खो हसतात. मी एकदा एकाला चांगलंच झापलं. म्हटलं, त्या माणसाने एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही, त्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे का? त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून हे सांगते.

मी लता. माझं तोंड तिखट आहे, असं सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. जळगावच्या एमआयडीसीत मगनशेठचं एक लहानसं युनिट होतं, तिथे मी सोल्डरिंग करायचे. आम्ही शेतातल्या पंपासाठी ऑटो स्टार्टरचे डबे बनवायचो. खेड्यात लाइन, म्हणजे वीज, कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसायचा. शेतकऱ्याने काय दिवसभर विहिरीवर बसून राहायचं? त्यापेक्षा डबा लावायचा. लाइन आली की डबा आपोआप मोटर सुरू करणार, तीनपैकी एखादा फेज गेला की बंद करणार. लाइन नसतानाही डबा आतल्या सेलवर जागा राहायचा आणि तिची वाट पाहायचा.

त्या डब्यातल्या चिपचा प्रोग्राम अभिमन लिहायचा. धुळ्याकडचा मुलगा, डिप्लोमा करून आलेला. अंगाने काडी, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. जेवणाचा डबा उघडून बसला तरी नजर कॉम्प्युटरकडेच. भाकरी संपली तरी हात रिकाम्या डब्यात फिरत राहायचा, मग मी माझ्यातली अर्धी त्याच्या डब्यात टाकायचे. मला लताअक्का म्हणायचा. चिडला किंवा घाबरला की त्याच्या तोंडी अहिराणी यायची, एरवी अगदी पुस्तकी बोलायचा.

ब्याण्णव साली त्याने पुण्याहून नवा कंपायलर आणला. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा बोलीत उतरवून देणारा दुसरा प्रोग्राम. जुना कंपायलर साधाभोळा होता, लिहिलं तसं उतरवायचा. नवा हुशार होता. अभिमनने मला त्याचं कौतुक इतक्या वेळा ऐकवलं, की माझं पाठ झालं. हा कंपायलर म्हणे प्रत्येक वाक्य तपासतो. हे वाक्य आपल्यापुरतं काम करतं, की आणखी कुठे काही बदलून जातं? त्या बदलांना ते साइड इफेक्ट म्हणतात. मला आधी वाटलं, औषधाचं काही बोलतोय.

"अक्का, समजा तुम्ही माठात डोकावलात," तो म्हणाला. "पाणी अर्धं आहे. मग तुम्ही भाजी चिरली, कणीक मळली. यातल्या कुठल्याच कामाने माठातलं पाणी बदलत नाही. मग पुन्हा डोकावायची काय गरज? पहिलंच लक्षात ठेवायचं. तेवढा वेळ वाचला, जागा वाचली."

"आणि तेवढ्यात कोणी पाणी पिऊन गेलं तर?" मी विचारलं.

तो हसला. म्हणाला, "प्रोग्राममध्ये कोण येणार पाणी प्यायला?"

मी काही फार अक्कल लढवून विचारलं नव्हतं. आमच्या घरात पाच पोरं, माठ कधी भरलेला सापडायचा नाही, म्हणून सहज तोंडातून निघालं. त्याने ते सोडून दिलं आणि मीही सोडून दिलं.

त्याला जागा वाचवणं भाग होतं. मगनशेठला डब्यात नव्या सोयी हव्या होत्या आणि चिप तीच, लहानशी. प्रोग्राम मावेना. नव्या कंपायलरची हुशारी चालू केल्यावर तो आटून मावला. अभिमनने त्या दिवशी सगळ्यांना कचोरी दिली.

त्या नव्या डब्यांतला एक नशिराबादच्या शिवारात तोतारामनानांच्या विहिरीवर बसला. नाना माझे चुलते. केळीचा मोठा बाग, आणि उखर्डू नावाचा सालदार. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. त्या दिवशी मालक म्हणाला 'राहा', तर राहायचं, नाहीतर दुसरं गाव पाहायचं. उखर्डू नानांकडे इतक्या आखाज्या राहिला होता, की त्याला कोणी विचारतही नव्हतं. तोही विचारत नव्हता.

डबा बसवायला अभिमन गेला, तेव्हा मीही माहेर म्हणून सोबत गेले होते. नानांच्या विहिरीत मोटर आणि पंप खाली ओट्यावर बसवलेले. पंपाच्या दांड्याजवळून पाणी गळायला लागलं, की खाली उतरून तिथे गळती थांबवणारी दोरी ठोकून भरावी लागायची. उखर्डूने उतरण्याआधी स्टार्टरच्या बोर्डावरून चिनीमातीचा फ्यूज उपटला आणि बंडीच्या खिशात घातला. आमच्या भागातली ही रीतच आहे. विहिरीत उतरणाऱ्याने फ्यूज स्वतःच्या खिशात घालून उतरायचं. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, सख्ख्या भावाच्यासुद्धा नाही. वर आल्यावर स्वतःच्या हाताने लावायचा.

अभिमनला हे नवं नव्हतं. त्याचे वडील वनाआबा फ्यूज खिशात विसरून घरी यायचे आणि त्याची आई ताईबाई सदऱ्याबरोबर तोही धोपटण्याने बडवायची, हे त्यानेच मला सांगितलं होतं. पण त्या दिवशी तो नव्या डब्याच्या नादात होता.

"सारखा फ्यूज उपटू नका," तो उखर्डूला म्हणाला. "पकड सैल होते, मग फेज जातो आणि मोटर जळते. आता हे लाल बटण दाबायचं. दाबलं की मोटर सुरू होणारच नाही."

उखर्डूने नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "साहेब सांगून राह्यले ना? मंग तसं कर."

उखर्डूने खिशातला फ्यूज काढून बोर्डात लावला, बटण दाबलं आणि उतरला. काही झालं नाही. पुढेही कितीतरी वेळा काही झालं नाही, कारण तो उतरायचा तेव्हा लाइन असायची.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी लाइन नव्हती. उखर्डू दोरी भरायला उतरला, बटण दाबून. त्याचा हात दांड्यापाशी असताना लाइन आली. मोटरने दोन गरके मारले आणि आपोआप थांबली. तेवढ्यात उजव्या हाताची मधली तिन्ही बोटं गेली.

नाना धावत आले तेव्हा बटण बंदवर होतं. सिव्हिलमध्ये उखर्डू एकच म्हणत होता, "म्या बटन दाबलं व्हतं. लाइन नव्हती तरी दाबलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी अभिमन विहिरीवर गेला. विहिरीत कोणी नव्हतं. लाइन चालू होती. त्याने मोटर सुरू केली, बटण दाबलं, मोटर थांबली. पुन्हा केलं, पुन्हा थांबली. भोवती सगळा शेजार जमला होता. अभिमन म्हणाला, "बटण ठीक आहे."

एवढंच म्हणाला. उखर्डूचं नावही घेतलं नाही. पण लोकांना तेवढं पुरलं. उखर्डू बटण दाबायला विसरला, हात गेल्यावर धडपडत वर येऊन दाबलं आणि आता अंगाशी आलं म्हणून खोटं बोलतो, असं ठरून गेलं. त्याची बायको धुरपदाबाई तीही म्हणायला लागली, की हा पहिल्यापासूनच वेंधळा. नाना स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी दवाखान्याचं सगळं पाहिलं. पण शेजाऱ्यांना सांगून ठेवलं, की येत्या आखाजीला दुसरा गडी पाहणार. हात गेला म्हणून नाही, कामं तो डाव्या हातानेही ओढायचा. "खोटं बोलनारा गडी मले नको," असं म्हणाले.

हे माझ्या आईकडून मला कळलं आणि मी अभिमनला सांगितलं. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मग फेब्रुवारीत एका दुपारी मी टेबलावर डब्यांची तपासणी करत होते. प्रत्येक डब्याला मोटरऐवजी दिवा जोडलेला असायचा. मध्येच लाइन गेली. पॅकिंगला घ्यावा म्हणून मी एका डब्याचं लाल बटण दाबून ठेवलं आणि खोकं आणायला उठले. तेवढ्यात लाइन आली. डब्यात खट झालं, दिवा लागला, पुन्हा खट झालं आणि विझला.

"हा काय चावटपणा?" मी म्हटलं. "मी तर बंद करून ठेवला होता."

अभिमनने मान वर केली. उठून आला. दाबलेलं बटण सोडलं, भिंतीवरचा स्विच पाडून लाइन घालवली, बटण दाबलं, लाइन आणली. खट, दिवा, खट. त्याने तीच गोष्ट पुन्हा केली आणि मग खाली स्टुलावर बसला.

मग त्याने मला सगळं सांगितलं, मला कळतंय की नाही याची पर्वा न करता. लाइन गेली की प्रोग्राम एका फेऱ्यात शिरायचा. लाइन आली का? बटण दाबलंय का? लाइन आली का? बटण दाबलंय का? असं त्याने लिहिलं होतं. लाइनची चौकशी बाहेरच्या तारेकडे होती, तिला कंपायलरने हात लावला नाही. बटणाची खूण मात्र चिपच्या आत मेमरीच्या एका घरात ठेवलेली. कंपायलरने त्या फेऱ्यातलं एकेक वाक्य तपासलं. यातलं एकही वाक्य ते घर बदलत नाही. मग सारखं डोकावायचं कशाला? फेऱ्यात शिरतानाच एकदा पाहायचं आणि तेच धरून बसायचं. मोटर सुरू झाल्यावर प्रोग्राम फेऱ्यातून बाहेर यायचा, तेव्हा घराकडे पुन्हा पाहायचा आणि मोटर बंद करायचा. तोवर दोन गरके होऊन गेलेले.

"ते घर बाहेरून बदलतं, अक्का. माणूस बटण दाबतो तेव्हा बदलतं. कंपायलरला माणूस दिसत नाही."

"मग त्या मेल्या कंपायलरची चूक," मी म्हटलं.

"नाही. त्याला सांगायची सोय आहे. एक शब्द आहे, व्होलटाइल. तो लिहिला की कंपायलर समजतो, हे घर बाहेरून कधीही बदलेल, दरवेळी जाऊन पाहा. मी तो वाचला होता. जुन्या कंपायलरला लागायचा नाही, म्हणून लिहिला नाही." मग चष्मा काढून त्याने डोळे पुसले. "चूक मन्ही शे अक्का, त्या गडीनी नही. तो सांगत होता, लाइन नव्हती तरी दाबलं. लाइन नव्हती! मी लाइन असताना तपासून आलो. मी त्याचं ऐकलंच नाही."

तो मगनशेठकडे गेला. शेठनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "प्रोग्राम सुधार. सगळीकडे जाऊन चिप बदलून ये. कोणी विचारलं तर सांग, नवीन मॉडेल आहे, फुकट देतोय. बाकी बोलू नकोस. युनिट बंद पडलं तर इथल्या बाया कुठे जातील?"

आम्हा बायांना आणि आमच्या पोरांना पुढे करून शेठनी त्याचं तोंड बंद केलं, याचा मला आजही राग येतो.

अभिमनने तो शब्द लिहिला. मग मोटरसायकलवर बोदवडपर्यंत, भुसावळपर्यंत फिरला. जिथे जायचा तिथे चिप बदलायचा आणि सांगायचा, उतरताना फ्यूज काढत जा, खिशात ठेवा. नानांना त्याने फक्त निरोप पाठवला, की माणूस येईपर्यंत डबा वापरू नका. तिथे मात्र गेला नाही. आज ऊन आहे, आज गाडी पंक्चर, आज शेठनी थांबवलं. मी सगळं पाहत होते. त्याची गालफडं बसली. भाकरीला हात लावायचा नाही, पाणीच पीत राहायचा. एकदा मला म्हणाला, रात्री बायको विचारते, दिवा बंद केला का, तर मला उठून पाहावं लागतं आणि पाहिलं तरी खरं वाटत नाही.

आखाजी तोंडावर आली. मी सोल्डरिंग आयर्न टेबलावर आपटलं.

"हे बघ अभिमन, मला तुझी कीव येते, पण आता पुरे झालं. तुझं झुरणं तुझ्यापाशी. तिकडे तो माणूस खोटा ठरून गावातून चाललाय. त्याची बोटं तू परत देणार नाहीस. त्याचा शब्द तरी दे की!"

"शेठ..."

"शेठला मी पाहते. माझ्या पोरांची काळजी करायला मी जिवंत आहे. गाडी काढ."

तो उठला. मी मागे बसले.

नाना ओट्यावर अडकित्त्याने सुपारी कातरत होते. उखर्डू गोठ्यापाशी कडबा टाकत होता. उजवा हात त्याने पंच्यात गुंडाळला होता. जखम कधीच भरली होती, पण लोकांसमोर तो हात उघडा ठेवायचा नाही, असं मला आईने सांगितलं होतं. धुरपदाबाई शेण भरत होती.

अभिमन बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "नाना, उखर्डूभाऊंनी बटण दाबलं होतं. डब्यात चूक होती. माझी चूक होती. मी इथे उभा राहून बटण ठीक आहे म्हणालो, ते खोटं ठरलं."

नानांचा अडकित्ता थांबला. मग उखर्डूच म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात, "जाऊ द्या साहेब. तुमी कायले सोताले लावून घेता? म्याच दाबलं नसंन."

अभिमनला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "तुम्ही तर म्हणत होता, दाबलं होतं."

"म्हनत व्हतो. पन बठ्ठे म्हनतात नही दाबलं. बायको म्हनते. नाना म्हनतात. मंग मी इचार केला, इतके लोक कसे चुकतीन? आता डोये मिटले तरी मले बटन दाबल्याचं दिसत नही."

मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलंय, पण अभिमनचा चेहरा त्या वेळी जसा झाला, तसा मी कोणाचा पाहिला नाही. त्याला मार बसला असता तर बरं वाटलं असतं. बोटांचा हिशेब तो रोज मनात करत होता. हे दुसरं काय गेलं, हे त्याला आत्ता कळलं.

"चला विहिरीवर," तो म्हणाला. "सगळे चला."

आम्ही सगळे गेलो. विहिरीत कोणी नाही हे त्याने वाकून पाहिलं आणि परत वाकून पाहिलं. मग बोर्डाचा मेन स्विच पाडला. उखर्डूला म्हणाला, "आता लाइन नाही. तुम्ही बटण दाबा."

उखर्डूने डाव्या हाताने लाल बटण दाबलं. अभिमनने मेन चढवला. खालून मोटर घुरघुरली, पंपाचा दांडा दोन गरके फिरला आणि थांबला.

धुरपदाबाईच्या तोंडून किंकाळीच निघाली. मग ती नवऱ्याकडे वळली आणि रडत म्हणाली, "तुमी खरं बोलत व्हते व माय! आन् म्या पोरायसमोर तुमाले खोटं म्हनलं!"

उखर्डू विहिरीत बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्या दाबलं व्हतं." थोड्या वेळाने पुन्हा, मोठ्याने, "नाना, म्या दाबलं व्हतं!"

"व्हय बाप्पा," नाना म्हणाले. त्यांची मान खाली होती. "तू दाबलं व्हतं. आखाजीचं म्या जे बोललो, ते इसर."

अभिमनने डबा उघडला, जुनी चिप काढली, नवी बसवली. मेन पाडून, बटण दाबून, मेन चढवून दाखवलं. मोटर हलली नाही. त्याने पुन्हा दाखवलं, आणि आणखी एकदा. नाना म्हणाले, पुरे भाऊ, कळलं. तरी त्याने अजून एकदा दाखवलं. मग उखर्डूसमोर हात जोडले.

उखर्डूने माफ केलं असंही नाही आणि नाही केलं असंही नाही. त्याने बोर्डावरून डाव्या हाताने फ्यूज उपटला. मला वाटलं, बंडीच्या खिशात घालणार. त्याने तो अभिमनपुढे धरला.

"दोरी भराची राह्यली त्या दिसापासून," तो म्हणाला. "मी उतरून राह्यलो. हे तुमच्याजवय ठेवा."

"उखर्डू!" नाना ओरडले. "रीत मोडू नको. सोताच्या खिशात ठेव."

"नही नाना. आज साहेबाजवय राहू द्या. मी वर येईलोक त्यायनं इथून हालायचं नही."

तो उतरला. अभिमन विहिरीच्या काठावर बसला, दोन्ही मुठींत फ्यूज धरून. ऊन डोक्यावर होतं. घाम डोळ्यांत जात होता तरी पुसायला त्याने हात सोडला नाही. मी पाणी पुढे केलं, त्याने मान हलवली. दर थोड्या वेळाने मूठ किंचित उघडून तो आत पाहायचा आणि पुन्हा मिटायचा. खालून उखर्डूचा दोरी ठोकण्याचा आवाज येत होता. एका हाताचं काम, त्याला वेळ लागला.

मग पायऱ्यांवर त्याचं डोकं दिसलं. तो वर आला, पंच्याने तोंड पुसलं आणि पंचा खांद्यावर टाकला. फ्यूज परत घ्यायला त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि करंगळी, मध्ये काही नाही.

अभिमनने त्या हाताकडे नीट पाहिलं. मग फ्यूज त्या दोन बोटांच्या मध्ये ठेवला आणि त्याची पकड बसेपर्यंत स्वतःचा हात काढला नाही.